टी.वाय. स्पेशल इंग्लिश संपतंय, पुढे आधी एम.ए. की आधी बी.एड.? (पुणे)

बार्शीकरीण

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच, सांभाळून घ्या. मी मूळची बार्शीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बी.ए.साठी पुण्यात आले, आता टी.वाय.ला (शेवटच्या वर्षाला) आहे, स्पेशल इंग्लिश. इंग्रजीची शिक्षिका व्हायचं हे पक्कं आहे, त्यावर चर्चा नको. अडलंय ते पुढच्या पायरीवर.

घरचे म्हणतात, बी.एड. कर आणि मोकळी हो. कॉलेजातल्या मॅडम म्हणतात, मार्क चांगले आहेत, विद्यापीठात एम.ए. कर, सेट-नेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) दे, प्राध्यापक हो. रूममेट म्हणते, शिक्षकांचे सुरुवातीचे पगार बघ आणि गुपचूप एखाद्या कंपनीत कंटेंटचं काम धर. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं.

दुसरी भीती जास्त खरी आहे. कविता समजते, पेपर छान लिहिता येतो, पण वर्गापुढे उभं राहून सलग दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. इंग्रजी माध्यमाचं बी.एड. मला झेपेल का? या वाटेनं गेलेल्यांनी सांगा.

शनिवारपेठी

शोध घेतला असतात तर या विषयावरचे जुने धागे सापडले असते. असो.

"बी.एड. कर आणि मोकळी हो" असं जे म्हणतात त्यांनी बी.एड. केलेलं नसतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं आहे. एक वर्षाचं होतं तेव्हासुद्धा कोणी मोकळं होत नव्हतं.

खडूची_भुकटी

शनिवारपेठी, पोरगी पहिल्यांदा लिहितेय, जरा दमानं.

बार्शीकरीण, मी हडपसर भागात अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. माझं म्हणणं एवढंच की "एम.ए. की बी.एड." हा प्रश्न उलटीकडून धरलाय तुम्ही सगळ्यांनी. आधी वर्ग ठरव. कितवीच्या पोरांपुढे उभं राहायचंय? ते ठरलं की पदवी आपोआप ठरते.

सहावी ते दहावी असेल तर बी.ए. अधिक बी.एड. पुरे. अकरावी-बारावीला एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतं. सिनियर कॉलेजला बी.एड. कोणी विचारत नाही, तिथं एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि वर सेट किंवा नेट. तुझ्या मॅडम त्यांच्या वर्गातून बोलतायत, घरचे त्यांच्या गल्लीतल्या बाईंकडे बघून बोलतायत. कोणीच चुकीचं नाही, पण दोघं दोन वेगळ्या नोकऱ्यांबद्दल बोलतायत.

बी.एड.साठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. शंभर प्रश्न, दीड तास, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. त्यात बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजला जायचं असेल तर त्यासोबत ईएलसीटी नावाची ५० प्रश्नांची वेगळी परीक्षा. तू स्पेशल इंग्लिशची, ती तुला जड नाही. फॉर्म भरताना मात्र ईएलसीटीची खूण करायला विसरू नकोस. ती राहिली म्हणून वर्षभर हळहळणारी मुलं पाहिली आहेत.

पगाराचं खरं सांगायचं तर रूममेट अगदीच खोटं बोलत नाही. अनुदानित जागेवर लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. त्याआधी ६, ८ आणि ९ होतं, त्या काळात आम्ही पुण्यात राहिलो कसे ते आमचं आम्हाला माहीत. तीन वर्षं संपली की वेतनश्रेणी मिळते, मग बरं चालतं.

तासिकावाला

वरचं सगळं बरोबर. सिनियर कॉलेजची बाजू मी सांगतो, कारण "प्राध्यापक हो" म्हणणारे ही बाजू सांगत नाहीत.

एम.ए. इंग्रजी झालं, सेट झाली. (महाराष्ट्र आणि गोव्याची सेट आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. पेपर एक सगळ्यांना समान, ५० प्रश्न. पेपर दोन विषयाचा, १०० प्रश्न. एकूण ३०० गुण, तीन तास.) त्यानंतर तासिका तत्त्व. म्हणजे तास घेतला तर पैसे. दिवाळीत तास नाहीत, परीक्षेत तास नाहीत, मे महिन्यात तर तू त्या कॉलेजची कोणीच नाहीस. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच कागदपत्रं, समोर तीच माणसं आणि तोच प्रश्न, "टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ". अहो, मार्चपर्यंत तुमच्याच स्टाफरूममध्ये डबा खात होतो की!

सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधे पीएमपीच्या बसमध्ये पेपर तपासणं. पूर्णवेळ जागा निघतात, नाही असं नाही, पण त्या निघेपर्यंत तग धरायला हाताशी काहीतरी असावं लागतं. माझ्या बॅचच्या ज्यांनी एम.ए.नंतर बी.एड.ही केलं ते आज ज्युनियर कॉलेजला पक्के आहेत. मी तेव्हा बी.एड.ला नाक मुरडलं होतं.

बार्शीकरीण

बापरे. कॉलेजात तासिका तत्त्वावरचे सर आहेत आमच्याकडे, पण हे असं असतं हे कधी कळलंच नाही. ते उलट सगळ्यात मनापासून शिकवतात.

वेल्ह्याचा_मास्तर

राम राम. वेल्हे तालुक्यात (कागदावर आता राजगड) जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सहावी ते आठवी. इंग्रजी मीच, विज्ञानही मीच, पोषण आहाराची नोंदही मीच.

२००० साली राज्यानं पहिलीपासून इंग्रजी आणलं. म्हणजे माझ्या वर्गातलं पोर सातवीत येईतो सहा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. आल्या आल्या दारातून आत येतं, जागेवर बसतं, दप्तर काढतं आणि मग म्हणतं, "मेआयकमिनसर?" एका दमात, एकच शब्द. त्याला तो पांडुरंगाचा अभंग वाटतो, म्हणायचा असतो म्हणून म्हणायचा. अर्थाशी संबंध नाही.

मग मी काय केलं, वर्गातली रोजची कामं इंग्रजीत करायला लागलो. खिडकी उघड, डस्टर आण, बाटली भरून ये, शेजारच्याला विचार त्याची वही कुठाय. फळ्यावर काही नाही, वहीत काही नाही, नुसतं बोलणं. पहिला महिना पोरं माझ्याकडे बघून हसायची. मग एक दिवस एका पोरीनं दारात उभं राहून "मे आय?" एवढंच विचारलं आणि खरोखर थांबली, मी हो म्हणेपर्यंत. माझ्या लेखी तो तास वसूल.

हे मला एम.ए.नं शिकवलं नाही आणि बी.एड.नंही नाही, पण बी.एड.मध्ये वर्गात उभं राहायची सवय झाली नसती तर हे सुचलंही नसतं. बार्शीकरीण, तुझ्या बोलण्याच्या भीतीवर उत्तर यातच आहे. सातवीच्या वर्गाला दहा मिनिटांचं भाषण नको असतं. त्यांना छोटी, सरळ, रोज तीच आणि बरोबर वाक्यं हवी असतात. ती तुला आत्ता येतात.

कोथरूडकर_आई

मी इंग्रजी माध्यमाच्या, सीबीएसईच्या शाळेत समन्वयक आहे. इथं सरकारी शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल वगैरे नाही, शाळा थेट घेते. बी.एड. मागतात आणि डेमो घेतात. डेमोला येणाऱ्यांत एम.ए.वाले बरेच असतात. विषय दिला "सहावी, भूतकाळ", तर पहिली पंधरा मिनिटं व्याख्या आणि प्रकार. मुलांना एकही वाक्य बोलायला लावत नाहीत. मुलं मागून खुणा करतात मला, "मॅम, कधी संपणार?"

उच्चारांबद्दल थोडं. साहेबासारखं बोलायची गरज नाही, कोणी अपेक्षाही करत नाही. पण आपल्याकडच्या काही ठरावीक गोष्टी आहेत त्या घासून घ्याव्यात. "वर्क्ड"चं "वर्केड" होतं, "स्टॉप्ड"चं "स्टॉपेड". आपल्या एकाच "व"मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे आवाज जातात. आणि शब्दातला आघात: फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या अवयवावर, फोटोग्राफी म्हणताना दुसऱ्यावर, फोटोग्राफिक म्हणताना तिसऱ्यावर. मराठीत असा जोर फिरत नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारखे ठोकतो. हे कानाला लागायला महिने जातात, पण लागतं. रोज इंग्रजी बातम्या ऐक आणि मोठ्यानं मागोमाग बोल. रूममेटला त्रास होईल, होऊ दे. नाहीतरी ती तुला कंपनीत पाठवतेच आहे.

टाचणवही_तपासनीस

निवृत्त आहे, अध्यापक महाविद्यालयात इंग्रजीची पद्धती शिकवत होतो. धागा चांगला चाललाय म्हणून लांबण लावतो.

बी.एड.मध्ये तुम्ही शालेय दोन विषय निवडता, बोलीभाषेत "मेथड". तुझी एक इंग्रजी, दुसरी बहुधा मराठी किंवा इतिहास. आधी सूक्ष्म अध्यापन: पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर तुमचेच सहाध्यायी विद्यार्थी बनून बसलेले, आणि एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रस्तावना, उद्या फक्त प्रश्न विचारणं, परवा फक्त फलकलेखन. मग ती सुटी कौशल्यं एकत्र जोडणारा सेतुपाठ, मग खऱ्या शाळेत सराव पाठ. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालात, म्हणजे इंटर्नशिपमध्ये. आदल्या दिवशी टाचण (पाठाचा आराखडा) लिहायचं, मार्गदर्शकाची सही घ्यायची, दुसऱ्या दिवशी पाठ. वर्गात मागच्या बाकावर आमच्यासारखा एखादा म्हातारा निरीक्षणवही घेऊन बसलेला.

त्या बाकावरून जे दिसायचं ते सांगतो. दहापैकी आठ पाठ एकाच वळणाचे. छात्राध्यापिका रात्रभर जागून रंगीत तक्ता करून आणते. प्रस्तावनेत पाऊस, ढग, मोर असे पाच प्रश्न विचारून मुलांकडून कवितेचा विषय काढून घेते. आठ मिनिटं गेली. मग कवितेची एक ओळ वाचायची, तिचा मराठीत अर्थ सांगायचा, पुढची ओळ. फळ्यावर तीन रकाने: शब्द, अर्थ, वाक्य. मुलं मान खाली घालून रकाने उतरवतायत. मधूनच "अंडरस्टुड?" आणि सगळा वर्ग सुरात "येस टीचर". पस्तीस मिनिटांत एकाही मुलानं स्वतःचं एक वाक्य इंग्रजीत उच्चारलेलं नाही. टाचण मात्र सुवाच्य, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं सगळी जागच्या जागी. त्या पाठाला बरे गुण द्यावे लागायचे, कारण गुणदानाच्या तक्त्यात "मुलं किती बोलली" असा रकानाच नव्हता!

मी माझ्या गटाला एन. एस. प्रभूंचं काम सांगत असे. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये व्याकरण बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक वाचा, नकाशावर रस्ता शोधा, कोण आधी पोचेल ते ठरवा. विचार करायला भाग पाडलं की त्यासाठी लागणारी भाषा येते, हा त्यांचा मुद्दा. जगभर आज कृतींवर आधारित भाषाशिक्षणाची चर्चा होते तिच्या मुळाशी हे आपल्याकडचं काम आहे. यावरून एका मुलानं सरावपाठाला स्वारगेटहून सुटणाऱ्या बसचं वेळापत्रक आणलं होतं. टाचणाचा नमुना त्यानं पार मोडला, आणि वर्गात एवढा गलका झाला की शेजारच्या बाई दार ठोठावून गेल्या. त्या गलक्यात निम्मं मराठी होतं, पण उरलेलं निम्मं इंग्रजी होतं हे लक्षात घ्या. त्याला मी भरभरून गुण दिले आणि तक्त्यात कुठं बसवायचे ते नंतर बघितलं.

तेव्हा मुली, बी.एड. कुठलं हे ठरवताना इमारत बघू नकोस. सरावशाळा कोणत्या आहेत आणि पाठाचं निरीक्षण कोण करतं, पाठानंतर बसवून बोलतं की नुसती सही करतं, हे सध्या तिथं शिकणाऱ्या मुलांना विचार. टिळक रस्त्यापासून कर्वे रस्त्यापर्यंत पायी फिरलीस तरी चार ठिकाणी विचारून होईल.

शनिवारपेठी

तपासनीस सर, लांबण बिलकुल नाही. आमच्या वेळी असे निरीक्षक मिळाले नाहीत, आमचे मागच्या बाकावर डुलक्या काढायचे.

जयकरची_पायरी

विद्यापीठात एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. वर एम.ए.वाल्यांवर बरीच टीका झाली म्हणून आमच्याकडून चार शब्द.

एम.ए.त नुसती शेक्सपिअर आणि रोमँटिक कवींची भरताड नसते. भाषाविज्ञान असतं, शैलीविज्ञान असतं, ध्वनिलिपीत शब्द लिहायला लावतात, इंग्रजी अध्यापनावरचा ऐच्छिक विषयही असतो. वाक्याची रचना आतून कशी आहे हे एकदा कळलं की मराठी माध्यमाचा मुलगा "व्हेअर यू आर गोइंग?" का म्हणतो ते दिसायला लागतं. मराठीत प्रश्न करताना क्रियापद जागचं हलत नाही, म्हणून तो इंग्रजीतही हलवत नाही. तो आळशी नाही, त्याच्या डोक्यात एक नियम आहे. हे कळलेला शिक्षक रागावत नाही, पुढचा सराव नेमका आखतो.

आणि साहित्य न वाचलेला भाषेचा शिक्षक कोरडा होतो हे माझं ठाम मत आहे. पाठ्यपुस्तक संपलं की त्याच्याकडे सांगायला काही उरत नाही.

बाकी सोयी सांगायच्या तर जयकर ग्रंथालय, दुपारचा अनिकेत कँटीनचा चहा आणि कमवा आणि शिका योजना. घरून पैसे मागायला नको वाटतं अशा आमच्यासारख्यांना ही योजना मोठा आधार आहे.

खडूची_भुकटी

जयकर, साहित्याला कोण नाही म्हणतंय? माझा आक्षेप क्रमाला आहे. मिल्टनवर वीस पानं लिहिणारी मुलगी "गो"चं "गोएड" का नाही, "वेंट"च का, या सहावीच्या प्रश्नाला अडखळते, हे मी पाहिलंय. तो प्रश्न पोरगं पहिल्याच आठवड्यात विचारतं.

जयकरची_पायरी

आणि भाषेचा इतिहास शिकलेलीच त्याला सांगू शकते की जुन्या इंग्रजीत "जाणे"साठी भूतकाळाचं रूप दुसरं होतं, ते मागे पडलं आणि "वेंड" या वेगळ्या क्रियापदाचं रूप येऊन बसलं. ही गोष्ट सहावीला जाम आवडते, सांगून बघा.

खडूची_भुकटी

हे मात्र उद्याच सांगते. :)

तासिकावाला

दोघींचं भांडण मिटवणारा तोडगा: नियमित बी.एड. आणि त्यासोबत इग्नूतून दूरस्थ एम.ए. इंग्रजी. यूजीसीनं २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ चालते. दमछाक होईल, विशेषतः छात्रसेवाकालात, पण अकरावी-बारावीचं दारही उघडं राहील. प्रवेशापूर्वी दोन्हीकडे लेखी विचारून घे, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

बार्शीकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! काल रात्री पूर्ण धागा दोनदा वाचला, आईला फोनवर मास्तरांचा "मेआयकमिनसर" वाचून दाखवला.

ठरतंय असं: मला आठवी ते दहावीच हवी आहे, हे लिहिताना माझं मलाच कळलं. त्यामुळे आधी बी.एड., इंग्रजी माध्यम, ईएलसीटीसकट. एम.ए. दूरस्थ, पण बी.एड.चं पहिलं सत्र कसं जातंय ते बघून. मास्तरांचं ऐकून कालपासून आमच्या खानावळीच्या मावशींच्या मुलाला, सहावीत आहे, रोज अर्धा तास इंग्रजीतच कामं सांगते. तो सध्या फक्त "नो" म्हणतो.

एकच शंका राहिली. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या की एकच? आणि मला कोणती?

खडूची_भुकटी

वेगळ्या. टीईटी ही पात्रता परीक्षा, पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० गुण, दोन तास, तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून भरती होते. ती दरवर्षी होईल या भरवशावर राहू नकोस. २०१७ नंतरची थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. झाली की द्यायचीच.

नववी-दहावीला टीईटी लागत नाही. पण शाळा पाचवी ते दहावीच्या असतात, आठवी हवी म्हणतेस तर पेपर दोन काढून ठेव. २०२१ पासून प्रमाणपत्र आजन्म चालतं, एकदा सुटलं की सुटलं.

वेल्ह्याचा_मास्तर

काढूनच ठेव ग बाई. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला आणि आम्ही जुने मास्तरही पुस्तकं घेऊन बसलो. सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांना दोन वर्षांत टीईटी सक्तीची. शाळेत पोरं विचारतात, सर तुमची पण परीक्षा? फार खूश आहेत.

बार्शीकरीण

पेपर दोनचा आराखडा बघितला आत्ता. १५० गुण. मानसशास्त्र ३०, मराठी ३०, इंग्रजी ३०, ठीक. उरलेल्या ६० ला "गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र"? मी इंग्रजी शिकवणार आहे ना?

वेल्ह्याचा_मास्तर

हो. तरी त्यातलं एक घ्यावंच लागतं.

शनिवारपेठी

सामाजिक शास्त्र घ्या. सहावी ते आठवीची इतिहास-भूगोलाची बालभारतीची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुन्यात मिळतील. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.